फोरमनसाहेब विहारात आले

तुळशीराम खोब्रागडे दर रविवारी सकाळी सहाला विहाराचं कुलूप काढतात. वस्तीतल्या लोकांनी स्वतः उभं केलेलं हे विहार लहानच आहे. पुढे बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या फोटोचा दिवाणखान्याएवढा हॉल, मागे एक लांबट खोली. त्या मागच्या खोलीत साडेसहा वाजता दहा-बारा माणसं ध्यानाला बसतात. त्याआधी झाडू मारायचा, चटया अंथरायच्या, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी भिंतीशी खुर्च्या लावायच्या, आणि मोगऱ्याचं झाड फुललं असेल तर चार फुलं मूर्तीपुढे ठेवायची, हे सगळं काम तुळशीरामांनी आपणहून अंगावर घेतलेलं. कोणी मदतीला आलंच तर ते म्हणतात, "तुम्ही बसा. मले सवय आहे."

सवय त्यांना कारखान्याची. भंडाऱ्याकडून वडिलांबरोबर रायपूरला आले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. विसाव्या वर्षी उरल्याच्या कारखाना-पट्ट्यातल्या एका लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये लागले आणि केस पांढरे होईपर्यंत तिथंच राहिले. मिलच्या आवाजानं डावा कान जवळजवळ गेला. निवृत्त झाल्यावर घरात बसून रक्तदाब वाढला, चिडचिड वाढली, तेव्हा बायकोनं, अंजनाबाईंनी, त्यांना धरूनच भावनाताईंकडे आणलं. भावनाताई सरकारी शाळेत शिकवतात. नागपूरला दोन-तीन शिबिरं करून आल्यावर त्यांनी ही रविवारची बैठक सुरू केली होती. तुळशीराम आधी म्हणाले, डोळे मिटून बसायला मला काय झालंय. पण गेले. पहिल्या दिवशी झोप लागली, दुसऱ्या दिवशी पाय बधिर झाला, तिसऱ्या रविवारी श्वास येतो-जातो एवढं जरा कळलं. आता त्याला सात वर्षं झाली.

बैठकीची रीत साधी होती. त्रिशरण-पंचशील म्हणायचं, मग पाऊण तास श्वासावर लक्ष ठेवायचं, शेवटची दहा मिनिटं मैत्री भावना. म्हणजे आधी स्वतःचं, मग घरच्यांचं, मग ओळखीच्यांचं आणि सगळ्यात शेवटी ज्याच्यावर आपला राग आहे त्याचं भलं चिंतायचं. नंतर चहा आणि कोणीतरी आणलेले पोहे. ऐकू यावं म्हणून तुळशीराम भावनाताईंच्या अगदी समोर बसत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरातला एक रविवार होता, बाहेर धुकं होतं. चटया अंथरून तुळशीराम दारात उभे होते, तेवढ्यात एक कार येऊन थांबली. तिशी-पस्तिशीची एक बाई उतरली आणि तिनं मागच्या दारातून एका म्हाताऱ्या माणसाला हात देऊन बाहेर काढलं. माणूस उंच होता, पण कमरेत वाकलेला. उजवा हात सारखा थरथरत होता. डोक्याला मफलर. दोन पावलं चालून तो थांबला, मान वर करून विहाराची पाटी वाचली आणि घसा खाकरला. ते खाकरणं तुळशीरामांनी लगेच ओळखलं. मिलमध्ये शेडच्या कोपऱ्यावर हा आवाज आला की अख्खी पाळी ताठ व्हायची. यशवंतराव कुकडे, फोरमन.

बाई म्हणाली, "नमस्ते अंकल, मी रूपाली. जुन्या शहरातल्या बूढापाऱ्याहून आलो आम्ही. हे माझे सासरे. यांना रात्र रात्र झोप येत नाही, डॉक्टर म्हणाले ध्यान करून पाहा. भावना मॅडमशी बोलणं झालंय."

तुळशीरामांनी मान हलवली. यशवंतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, पण नजर तशीच पुढे गेली. ओळखलं नाही, असं तुळशीरामांना वाटलं. त्यांनी आत जाऊन भिंतीशी आणखी एक खुर्ची लावली आणि आपल्या जागेवर येऊन बसले. त्या दिवशी त्यांना एकही श्वास सापडला नाही.

जे घडलं होतं त्याला तेव्हा वीस वर्षं होऊन गेली होती. तुळशीराम त्या वेळी मिलच्या स्टार्टरवर होते. त्यांच्या हातात बटन; ते दाबलं की मोठे रोल आणि त्यांना माल पुरवणारा पट्टा सुरू व्हायचा. पट्ट्यावर लोखंडी जाळी असायची, कोणाचा हात आत जाऊ नये म्हणून. त्या दिवशी माल अडकला होता, म्हणून जाळी काढून पट्टा साफ केलेला. जाळी परत बसवायला अर्धा तास लागला असता. यशवंतराव घड्याळ पाहत आले आणि म्हणाले, चालू कर. तुळशीराम म्हणाले, साहेब, जाळी लावायची आहे. यशवंतराव म्हणाले, मी सांगतो ना, चालू कर. तुळशीरामांनी बटन दाबलं.

दहा मिनिटांत निरंजन साहूचा उजवा हात पट्ट्यात ओढला गेला. निरंजन रायपूरजवळच्या अभनपूरचा पोरगा, सत्तावीस-अठ्ठावीसचा. तुळशीरामांनीच त्याला काम शिकवलं होतं. दोघं एकाच डब्यातून जेवायचे. निरंजनच्या आईच्या हातचा तांदळाच्या पिठाचा चिला आणि अंजनाबाईंची झुणका-भाकर. त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

चौकशी झाली. यशवंतरावांनी लिहून दिलं की, जाळी लावल्याशिवाय मशीन चालू करू नये असं आपण सांगितलं होतं, खोब्रागडेनं ते ऐकलं नाही. साक्षीला कोणी उभं राहिलं नाही. तुळशीरामांना मशीनवरून काढून भंगाराच्या यार्डात टाकलं आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच ठेवलं. त्याचं त्यांना एवढं वाटलं नाही. वाटलं ते निरंजनचं. दवाखान्यात भेटायला गेले तर त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याची आई दारात उभी राहिली आणि आत येऊ नको म्हणाली. त्यानंतर अभनपूरवरून जायची वेळ आली की तुळशीराम बसच्या दुसऱ्या बाजूला बसत. रस्त्यावरच निरंजनचं खत-बियाण्याचं दुकान होतं.

त्या रविवारी घरी आल्यावर त्यांनी चहाला हात लावला नाही. अंजनाबाईंनी दोनदा पाहिलं आणि शेवटी विचारलं, "काहून? काय झालं?"

त्यांनी सांगितलं. अंजनाबाई भाजी निवडत होत्या, त्या थांबल्या. यशवंतरावांचं नाव त्या घरात कित्येक वर्षांत निघालं नव्हतं. मिलमध्ये हा माणूस आपला डबा वेगळ्या टेबलावर, वेगळ्या पेल्यानं पाणी पिऊन खायचा, ते अंजनाबाईंना अजून आठवत होतं. आता तो आपल्या विहारात बसायला आला, हे ऐकून त्यांना आधी हसू आलं आणि मग रागही. त्या म्हणाल्या, की भावनाताईंना सांगून टाका, हा माणूस नको.

"विहार कोणाले बंद नाही," तुळशीराम म्हणाले.

"मंग तुम्ही नका जाऊ."

"मी काहून नाही जाणार? पाच वर्षं झाली मले."

ते जात राहिले. यशवंतरावही दर रविवारी येत. रूपाली त्यांना खुर्चीत बसवी आणि स्वतः मागे चटईवर बसे. डोळे मिटले की तुळशीरामांना पाठीमागच्या थरथरत्या हाताचा आवाज येई. म्हणजे येत नसणार, एवढं ऐकू कुठं येतं त्यांना. पण खुर्चीच्या दांड्यावर बोटं टकटक करत आहेत असं वाटत राही. आणि शेवटच्या दहा मिनिटांत भावनाताई हळू आवाजात म्हणत, "ज्याच्याविषयी मनात राग आहे, त्याला डोळ्यांपुढे आणा. तोही सुखी होवो," तेव्हा तुळशीराम तिथंच अडत. एरवी ते शेजारच्या भांडखोर घरमालकाला, आपल्या मेहुण्याला, कोणालाही आणून बसवत आणि सुखी करून टाकत. आता जो खरा होता तो आठ फुटांवर होता आणि त्याच्यासाठी शब्द येत नव्हते.

महिनाभरानं त्यांनी भावनाताईंना सगळं सांगितलं. भावनाताईंनी उपदेश केला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, की जमत नसेल त्या दिवशी फक्त श्वास पाहा, जबरदस्तीनं कोणाचं भलं चिंतता येत नाही. हवं तर रूपालीशी बोलते, असंही म्हणाल्या. तुळशीरामांनी नको म्हटलं.

फेब्रुवारीत एका रविवारी बैठक संपल्यावर रूपालीला फोन आला म्हणून ती बाहेर गेली. बाकीचे हॉलमध्ये चहाला गेले होते. तुळशीराम चटया गुंडाळत होते. यशवंतराव खुर्चीतच बसून होते. त्यांच्या हातातला चहाचा पेला एवढा हलत होता की अर्धा चहा बशीत आला होता. तुळशीरामांनी थोडा वेळ पाहिलं, मग जाऊन पेला काढून घेतला आणि खुर्चीच्या बाजूला स्टुलावर ठेवला.

"बस, तुळशीराम," यशवंतराव म्हणाले.

तुळशीराम उभेच राहिले.

"मी तुला पहिल्याच दिवशी ओळखलं. दारातच." ते थांबत थांबत बोलत होते, आजारानं जीभही जड झाली होती. "सून झोपेसाठी घेऊन आली. मी परत येत राहिलो ते तुझ्यासाठी. दर वेळी वाटतं आज बोलावं. आणि मग घरी जातो."

तुळशीरामांनी स्टुलावरचा पेला भिंतीकडे सरकवला.

"जाळी नसताना चालू कर म्हणून मीच सांगितलं होतं. चौकशीत खोटं लिहून दिलं. माझी नोकरी गेली असती. मुलगा कॉलेजात होता." त्यांनी थरथरणारा हात दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. "मला माफ कर म्हणायला आलो."

कित्येक वर्षं तुळशीरामांनी हे वाक्य मनात ऐकलं होतं. भंगाराच्या यार्डात उन्हात उभं राहून ऐकलं होतं. ऐकल्यावर आपण काय बोलू, तेही ठरलेलं होतं. त्यात शिव्याही होत्या. पण आता तोंडातून निघालं ते वेगळंच.

"साहेब, हे मले सांगून काय फायदा? मले तर माहीतच आहे. ज्याले माहीत नाही त्याले सांगा."

यशवंतरावांना समजायला जरा वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "तो आहे कुठं?"

"अभनपूरले."

रूपालीला काहीच माहीत नव्हतं. यशवंतरावांनी त्या रात्री तिला आणि मुलाला सांगितलं. मुलगा म्हणाला, एवढ्या वर्षांनी कशाला उकरून काढता, तब्येत पाहा आपली. पण बुधवारी रूपालीनं तुळशीरामांना फोन केला. अंकल, येत्या शनिवारी मला सुट्टी आहे, मी गाडी काढते, तुम्ही रस्ता दाखवाल का? तुळशीरामांनी फोन धरूनच अंजनाबाईंकडे पाहिलं. अंजनाबाई म्हणाल्या, की तो माणूस त्याच्या तोंडानं सांगणार असेल तर ते ऐकायला तुम्ही तिथं असलंच पाहिजे.

शनिवारी सकाळी तिघं निघाले. तुळशीराम पुढे बसले, यशवंतराव मागे. रायपूर सुटेपर्यंत रूपाली काहीबाही बोलत होती, मग तीही थांबली. दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाचे हिरवे तुकडे आणि मधूनमधून विटांच्या भट्ट्या. तुळशीरामांच्या मनात एकच चित्र होतं. यशवंतराव खरं बोलतात, निरंजन ऐकतो, त्याचा चेहरा बदलतो आणि तो आपल्याकडे वळतो. त्यापुढे चित्र जात नव्हतं.

दुकानात गिऱ्हाईक होतं. निरंजन डाव्या हातानं पावती फाडत होता. उजवा हात सदऱ्याच्या लांब बाहीत होता. केस विरळ झालेले, पोट सुटलेलं. पण मान तिरकी करून बोलायची लकब तीच. त्यानं आधी तुळशीरामांना पाहिलं, मग मागे रूपालीच्या हाताला धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला. गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं पोत्यांच्या बाजूच्या दोन खुर्च्या पुढे ओढल्या आणि बसा म्हणाला. स्वतः उभा राहिला.

यशवंतरावांनी सांगितलं. हिंदीत सांगितलं, अडखळत, पण काही गाळलं नाही. जाळीचं, अर्ध्या तासाचं, चौकशीतल्या कागदाचं. तुळशीराम पूर्ण वेळ निरंजनच्या चेहऱ्याकडे पाहत होते. चेहरा बदलला नाही.

शेवटी निरंजन म्हणाला, "मैं जानत रेहेंव."

मला माहीत होतं. त्याच पाळीतल्या एका कामगारानं दहा-बारा वर्षांपूर्वी, मिल सोडताना, त्याला सगळं सांगितलं होतं. तुळशीरामांना आधी वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी उजवा कान पुढे केला. निरंजननं पुन्हा तेच सांगितलं.

"मंग दहा वर्षांत एक शब्द नाही?" तुळशीराम मराठीतच बोलले. निरंजनला मराठी समजत असे. एका डब्यातून खाताना शिकला होता. "मी इकडून जातो तर तोंड लपवून जातो. तुले माहीत होतं तर सांगायचं नाही का, भाऊ?"

 पोत्यावरचं सांडलेलं बियाणं निरंजननं तळहातानं गोळा केलं. मग हळू म्हणाला, "हुकुम साहब का था, भैया. लेकिन बटन पर हाथ तो आपका था. और आप को मालूम था कि मैं वहाँ खड़ा हूँ."

रूपाली बाहेर रस्त्याकडे पाहू लागली. यशवंतरावांनी डोळे मिटले.

तुळशीरामांना ही गोष्ट नवी नव्हती. वीस वर्षं त्यांनी यशवंतरावांचा हुकूम मनात घोळवला होता आणि त्याच्या बरोबर खाली हे दुसरं पडून होतं, ते त्यांनी कधी उचलून पाहिलं नव्हतं. जाळी नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच तर ते बोलले होते. एकदा बोलले आणि दुसऱ्यांदा बोलले नाहीत. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? शिव्या खाल्ल्या असत्या, एक दिवस घरी बसवलं असतं. ध्यानाला बसल्यावरही मन इथपर्यंत यायचं आणि वळून साहेबांकडे जायचं.

ते खुर्चीवरून उठले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "मी बटन सोडून बाजूले व्हायले पाहिजे होतं. नाही झालो. दवाखान्यातच सांगायले आलो होतो म्हणतो मी स्वतःले, पण तेव्हा हे सांगायले नव्हतो आलो. माझी चूक नाही, हे सांगायले आलो होतो."

 निरंजन म्हणाला, की आधी राग होता, नंतर राग गेला, पण तोवर एवढी वर्षं झाली होती की कोणत्या तोंडानं यायचं ते समजेना. दोन-तीनदा तुमच्या वस्तीपर्यंत येऊन परत गेलो. अम्मा जाताना म्हणाली होती, तुळशीला एकदा बोलावून घे. तेही राहिलं.

अम्मा गेल्याचं तुळशीरामांना माहीत नव्हतं. ते पुन्हा खाली बसले आणि रडले. निरंजननं बाजूच्या टपरीवरून चार चहा मागवले. यशवंतरावांचा पेला त्यानं स्वतः डाव्या हातानं धरून त्यांना पाजला, आणि ते पाहून रूपालीनं तोंड फिरवलं. माफीचं कोणी काही बोललं नाही.

घरी आल्यावर अंजनाबाईंनी विचारलं, की झालं का मनासारखं. तुळशीराम म्हणाले, मनासारखं नाही झालं, पण झालं. मग त्यांनी सगळं सांगितलं, बटनाचंही.  अंजनाबाई म्हणाल्या, की हे तुम्ही मलाही कधी नव्हतं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तुळशीराम नेहमीप्रमाणे गेले. यशवंतराव आले आणि खुर्चीत बसताच दहा मिनिटांत त्यांची मान खाली गेली. ते घोरू लागले. दोन-तीन जणांनी डोळे उघडून पाहिलं, एकजण हसला. भावनाताईंनी कोणालाच काही म्हटलं नाही. तुळशीरामांनी त्या दिवशी मैत्री भावनेत पहिल्याच टप्प्यावर, स्वतःचं भलं चिंतताना, बराच वेळ घालवला. पुढचे टप्पे राहूनच गेले.

उन्हाळ्यात यशवंतरावांचं चालणं बंद झालं. रूपालीनं भावनाताईंना विचारलं, की महिन्यातून एक रविवार आमच्या घरी बसाल का. काहींना ते पटलं नाही. विहार सोडून कोणाच्या घरी कशाला, आणि तेही त्या घरी, असं कोणीतरी म्हणालं. तुळशीराम म्हणाले, ज्याला यायचं तो येईल. सहाजण तयार झाले. बूढापाऱ्याची गल्ली इतकी अरुंद की गाडी तलावाजवळ लावून चटया डोक्यावरून न्याव्या लागल्या. देवघराच्या शेजारच्या खोलीत यशवंतरावांचा पलंग होता. त्याच्याभोवती सगळे बसले. असं तीन वेळा झालं.

ऑगस्टात यशवंतराव गेले. तुळशीराम स्मशानात पोचले तेव्हा फाटकाशी निरंजन उभा होता. अभनपूरहून पहिल्या बसनं आला होता. रूपालीनं त्याला फोन केला होता. दोघं मागे, कडुलिंबाखाली, सगळं आटपेपर्यंत उभे राहिले. पाऊस भुरभुरत होता. परतायच्या वेळी तुळशीराम म्हणाले, "बस दुपारची आहे ना? घरी चल. काही खाऊन जा."

निरंजन स्कूटरवर मागे बसला. अंजनाबाईंनी दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि आधी दोघांना अंगणातच पाय धुवायला सांगितलं. मग आत जाऊन तांदूळ वाढवले. जेवताना निरंजन यंदाच्या पेरणीचं बोलत होता, कोणतं बियाणं उगवलं, कोणतं फसलं. तुळशीराम उजवा कान त्याच्याकडे करून ऐकत होते.